संध्याकाळचा मजकूर

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ईस्टबोर्न या हवापालटाच्या गावी, सॅफ्रन्स नावाच्या मैदानावर, १९२१ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस जो सामना झाला, त्याकडे लंडनच्या बड्या वृत्तपत्रांनी पाठ फिरवली होती, आणि त्याबद्दल त्यांना फारसा दोष देता येणार नाही. वॉरविक आर्मस्ट्राँगच्या ऑस्ट्रेलियन संघाने त्या उन्हाळ्यात इंग्लंडला पहिल्या तिन्ही कसोटी सामन्यांत ओळीने पाणी पाजले होते. ग्रेगरी आणि मॅक्डोनल्ड या वेगवान जोडीपुढे उभे राहण्याची छाती फार थोड्या फलंदाजांना होती. आणि अशा संघाला आपण निवडलेले हौशी खेळाडू हरवतील, असे जो छातीठोकपणे सांगत होता, तो आर्ची मॅक्लारेन पन्नाशीला टेकलेला, मोठ्या मैदानांवरून केव्हाच मागे सरलेला जुना कर्णधार होता. शनिवारी सामना सुरू झाला आणि मॅक्लारेनचा संघ अवघ्या ४३ धावांत गारद झाला. ऑस्ट्रेलियाने १७४ धावा केल्या. सोमवारी सकाळी 'मँचेस्टर गार्डियन'चा एक तरुण वार्ताहर परतीच्या गाडीचा विचार मनात घेऊनच मैदानावर डोकावला, असे त्यानेच पुढे लिहून ठेवले आहे. मॅक्लारेनवरील लहानपणापासूनच्या भक्तीपायी वरिष्ठांचे मन वळवून तो येथवर आला होता, आणि आता त्याच भक्तीपायी आणखी थोडा वेळ थांबला. ६० धावांत ४ गडी बाद झाल्यावर ऑब्री फॉकनर आणि ह्यूबर्ट ॲश्टन यांनी १५४ धावांची भागी रचली. एकट्या फॉकनरने १५३ धावा केल्या. जिंकण्यासाठी ऑस्ट्रेलियापुढे १९६ धावांचे आव्हान उभे राहिले. आणि मंगळवारी तो अजिंक्य संघ १६७ धावांत आटोपून २८ धावांनी हरला.

त्या दिवशी दुसऱ्या बड्या पत्राचा माणूस तेथे नव्हता. ईस्टबोर्नच्या त्या तीन दिवसांचे जे चित्र आज इंग्रजी वाचकाच्या मनात आहे, ते बव्हंशी या एका माणसाच्या लेखणीतून उतरलेले आहे. त्याचे नाव नेव्हिल कार्डस. वर्तमानपत्रात तो 'क्रिकेटर' या टोपणनावाने लिही, आणि पहिल्या महायुद्धाच्या समाप्तीपासून दुसऱ्याच्या प्रारंभापर्यंत, म्हणजे पुरी वीस वर्षे, इंग्लंडातील असंख्य वाचक सकाळच्या चहाबरोबर प्रथम त्याचा मजकूर वाचीत आणि मग राज्यकारभाराच्या बातम्यांकडे वळत.

कार्डसचा जन्म १८८८ सालच्या एप्रिल महिन्यात मँचेस्टरच्या रशोम या वस्तीत झाला, जरी तो स्वतः आयुष्यभर १८८९ हे साल सांगत आला. जन्मदात्या पित्याची ओळख त्याला कधी नीट घडली नाही. आजोबा पोलीस खात्यातून निवृत्त झालेले. आजीने आणि घरातल्या बायकांनी लोकांची धुणी धुऊन, इस्त्री करून प्रपंचाला हातभार लावावा अशी परिस्थिती. आई एडा आणि मावशी बिआट्रिस यांच्या उपजीविकेचा मार्ग प्रतिष्ठित समाजाला मान्य होण्याजोगा नव्हता, आणि कार्डसने आत्मचरित्रात ही गोष्ट आडपडदा न ठेवता, परंतु कसलीही कटुता न बाळगता सांगून टाकली आहे. उलट त्या मावशीविषयी तो इतक्या ममतेने लिहितो, की ज्या घरी पुस्तकांची चाड फारशी कोणाला नव्हती, त्या घरी या मुलाला 'वाच' म्हणून सांगणारे माणूस हीच होती, हे वाचकाच्या मनावर कायमचे ठसते. इस्त्रीच्या वाफेने भरलेल्या त्या स्वयंपाकघराची आठवण ठेवूनच पुढचे सारे वाचले पाहिजे, असे मला वाटते. कारण श्रमाने वाकलेल्या माणसाच्या देहाकडे पाहण्याची जी दृष्टी या लेखकाला लाभली, तिचे मूळ त्या घरात आहे.

वयाच्या तेराव्या वर्षी शाळा सुटली. नंतरच्या दहा वर्षांत त्याने निरोप पोचवले, हातगाडी ढकलली, सागरी विम्याच्या एका कचेरीत कारकुनी केली. खरी तालीम मात्र मँचेस्टरच्या मोफत सार्वजनिक वाचनालयांत चालू होती. डिकन्सपासून त्याने आरंभ केला आणि पुढे साहित्य, तत्त्वज्ञान, संगीत अशा विषयांची वाटणी करून प्रत्येकाला आठवड्यातले ठराविक तास दिले. शिक्षक नाही, परीक्षा नाही, सनद नाही. एखाद्या दक्ष कारभाऱ्याने जमाखर्च मांडावा तसे त्याने आपल्या अज्ञानाचे खाते मांडले आणि एकेक रक्कम फेडीत गेला. संगीताची समीक्षा लिहिण्याची पहिली संधी त्याला एका स्थानिक पत्रात मिळाली, तीही बिनपगारी.

आणि या सगळ्याच्या जोडीला ओल्ड ट्रॅफर्डचे मैदान होते. पोरवयात तिथे तो शिरला तेव्हा मॅक्लारेन खेळत होता, आणि त्याने मारलेला एक टोला, चेंडू कुठे गेला यापेक्षा मारल्यानंतर बॅट जिथे थांबली तिथे ती कशी थांबली या रूपाने, त्या मुलाच्या डोळ्यांत कायमचा राहिला. व्हिक्टर ट्रंपर हा ऑस्ट्रेलियाचा, म्हणजे शत्रुपक्षाचा. तरी ट्रंपरचे शतक व्हावे आणि ऑस्ट्रेलियाचा डाव मात्र लवकर कोसळावा, अशी प्रार्थना आपण देवापाशी करीत असू, असे तो सांगतो. प्रतिपक्षाच्या खेळाडूवर जीव जडणे आणि तरीही आपलाच पक्ष जिंकावा असे वाटणे, हा पेच ज्याला बालपणीच पडला, तो पुढे निकालापेक्षा माणसांविषयी अधिक लिहिणार हे उघड होते.

१९१२ साली श्रूजबरी येथील नामांकित निवासी शाळेत मुलांना क्रिकेट शिकवणाऱ्याचा मदतनीस म्हणून त्याला जागा मिळाली. ॲटवेल हा तेथील क्रिकेटचा मुख्य शिक्षक. कार्डसचे काम असे, की बड्या घरच्या मुलांना सरावाच्या जाळीत दिवसभर चेंडू टाकायचे. धुणे-इस्त्रीवर चाललेल्या घरातला हा मुलगा त्या हिरवळीवर पगारी नोकर म्हणून गेला आणि तेथल्या संध्याकाळींचे जे वर्णन त्याने नंतर लिहिले, त्यात हेवा नावालाही नाही. मुख्याध्यापक सिरिल ॲलिंग्टन यांनी त्याच्या हातातले पुस्तक पाहून त्याला आपला चिटणीस नेमले. महायुद्ध सुरू झाल्यावर दृष्टी अधू असल्यामुळे तो सैन्यभरतीत नापास ठरला. १९१६ साली ॲलिंग्टन ईटनला गेले आणि ती चिटणिशी सुटली. मग त्याने 'मँचेस्टर गार्डियन'चे संपादक सी. पी. स्कॉट यांना पत्र लिहिले, की कचेरीत मिळेल ते काम द्यावे. पहिल्या खेपेस नकार मिळाला. परंतु १९१७ साली तो क्रॉस स्ट्रीटवरील त्या कचेरीत रुजू झाला.

तो क्रिकेटकडे वळला तो आजारपणामुळे. १९१९ साली प्रकृती ढासळली, रजा घ्यावी लागली, आणि वृत्तसंपादक डब्ल्यू. पी. क्रोझिअर यांनी सुचवले, की पूर्ण बरे वाटेपर्यंत मोकळ्या हवेत बसावे, ओल्ड ट्रॅफर्डवर जावे, जमल्यास चार ओळी लिहून आणाव्यात. युद्धानंतरचा तो पहिलाच हंगाम. परगण्यांचे सामने त्या वर्षी प्रयोगादाखल दोन दिवसांचे केलेले. आणि चार वर्षांच्या नरसंहारानंतर पांढऱ्या कपड्यांतली माणसे हिरवळीवर उतरताना पाहून प्रेक्षकांची जी भावस्थिती झाली असेल, तिची कल्पना आज करणेही कठीण आहे. क्रोझिअरची ती तजवीज तात्पुरती होती. ती वीस वर्षे चालली.

या वीस वर्षांतले त्याचे काम प्रत्यक्ष कसे चाले, हे नीट पाहिल्याशिवाय त्याच्या विपुलतेचा अर्थ कळत नाही. परगण्यांचे सामने तीन तीन दिवसांचे. एक शनिवारी सुरू होई, रविवारची सुटी घेऊन मंगळवारी संपे. दुसरा बुधवारी सुरू होऊन शुक्रवारी आटोपे. म्हणजे मे महिन्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत आठवड्याचे सहा दिवस खेळ, आणि सहाही दिवस संध्याकाळी मजकूर. मँचेस्टरचा पाऊस प्रसिद्ध आहे. आच्छादन नसलेली खेळपट्टी भिजायची, ऊन पडले की तिची साल सुटायची, आणि चेंडू कधी गुडघ्यापाशी घसरायचा तर कधी गळ्यापाशी उसळायचा. साडेसहाच्या सुमारास खेळ थांबे. मैदानावरचे लोक पांगत, राखणदार खेळपट्टीकडे वळे, धावफलकावरचे आकडे एकेक उतरवले जात, आणि ज्याने दिवसभर पाहण्याव्यतिरिक्त फारसे काही केलेले नसे, त्याचा खरा कामाचा प्रहर तेव्हा सुरू होई. मुद्रणालयात खिळे जुळवणारे खोळंबलेले. तार करायची असेल तर तारेची वेळ ठरलेली. एक स्तंभ, दीड स्तंभ, कधी त्याहून अधिक, आणि तोही अशा पत्रासाठी, ज्याच्या संपादकाला ढिले वाक्य खपत नसे. ज्या दिवशी लँकेशायरने दिवसभर खेळून जेमतेम पावणेदोनशे धावा केल्या आणि काहीच घडले नाही, त्या दिवशीही स्तंभ भरावाच लागे. माझ्या मते कार्डसची कसोटी त्या दिवशी होती. ट्रंपरवर कोणीही लिहील. हॅरी मेकपीसवर, जो फुटबॉल आणि क्रिकेट या दोन्ही खेळांत इंग्लंडकडून खेळला आणि लँकेशायरसाठी डावाच्या आरंभी उभा राहून उपाहारापर्यंत चौकार मारणे हे जणू दुर्वर्तन समजत असे, त्याच्यावर रोज लिहून वाचकाला गुंतवून ठेवायचे म्हणजे त्या माणसाच्या कपाळावरची आठी वाचता आली पाहिजे.

लँकेशायर आणि यॉर्कशायर यांचे सामने सुटीच्या दिवसांत होत, हजारो गिरणी-कामगार आणि खाणकामगार ते पाहायला येत, आणि दोन्ही बाजूंचे व्यावसायिक खेळाडू जिंकण्यापेक्षा न हरण्याच्या निर्धाराने खेळत. त्या काळी इंग्रजी क्रिकेटमध्ये हौशी आणि पगारी अशी दोन जातींची उतरंड होती. हौशी सद्गृहस्थांची कपडे बदलण्याची खोली वेगळी, मैदानात उतरण्याचे दार वेगळे. धावफलकाच्या छापील कागदावरही सद्गृहस्थांच्या नावामागे आद्याक्षरे मानाने छापली जात आणि पगाऱ्याचे बहुधा नुसते आडनाव. कार्डसच्या आधी या पगाऱ्यांविषयी लिहिले जात नसे असे नाही. त्यांनी किती बळी घेतले, किती षटके टाकली, हे सर्व छापून येई. पण पस्तिसाव्या वर्षी यॉर्कशायरकडून प्रथम मैदानात उतरलेला एमट रॉबिन्सन, करड्या केसांचा, आखूड बांध्याचा, विजार सावरीत पंचाशी हुज्जत घालणारा, हवा हुंगून खेळपट्टीचे भविष्य सांगणारा, हा माणूस कार्डसने उभा केला. शेजारी विल्फ्रेड ऱ्होड्स, जो १९२६ साली वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ओव्हलच्या कसोटीसाठी परत बोलावला गेला आणि ज्याने ऑस्ट्रेलियाच्या अखेरच्या डावात ४४ धावांत ४ गडी बाद करून ॲशेस परत आणण्यात मोठा वाटा उचलला. त्याच्या गोलंदाजीतला तो थंड, हिशेबी, सावकारी संयमही कार्डसच्या लेखणीतून आपल्यापर्यंत येतो. डिकन्सच्या कादंबऱ्यांत घोडागाडीवाल्याला आणि कारकुनाला जो मान मिळाला, तो कार्डसने आद्याक्षरे नसलेल्या या माणसांना दिला.

येथे एका अवघड विषयाला हात घातला पाहिजे, कारण तो टाळून कार्डसचे गुणगान करणे हे त्याच्या वाचकांशी अप्रामाणिकपणाचे होईल. त्याने जी संभाषणे लिहिली, ती सगळीच खरोखर झालेली नव्हती. लँकेशायरचा स्थूल फिरकी गोलंदाज डिक टिल्डस्ली याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. झेल जमिनीला टेकल्यावर हाती आला होता, असे त्याने स्वतःहून सांगितले. कार्डसने त्याच्या सचोटीबद्दल अभिनंदन केले. आणि टिल्डस्लीने त्याच्या ग्रामीण बोलीत उत्तर दिले, की ही आमच्या वेस्टहॉटनच्या रविवारच्या शाळेची शिकवण. पुढे कार्डसने कबूल केले, की टिल्डस्ली बहुधा नुसते आभार मानून गप्प बसला असेल. परंतु ते दुसरे वाक्य त्याने म्हणावे अशी विधात्याचीच इच्छा होती. त्याच्या लग्नाची कथाही अशीच. १९२१ च्या जून महिन्यात मेकपीस आणि हॅलोज डावाला सुरुवात करीत असताना तो मैदानातून उठला, विवाहनोंदणीच्या कचेरीत जाऊन एडिथ किंग या शिक्षिकेशी विवाहबद्ध झाला, आणि परत येऊन पाहतो तो लँकेशायरच्या धावसंख्येत फक्त १७ धावांची भर पडलेली. प्रसंग रमणीय आहे. जुन्या नोंदींशी तो जुळत नाही. १८९६ च्या ओल्ड ट्रॅफर्ड कसोटीत टॉम रिचर्डसनने एका सामन्यात १३ बळी घेऊनही ऑस्ट्रेलिया ३ गडी राखून जिंकली, तेव्हा तो थकलेला गोलंदाज मैदानाच्या मध्यभागी एखाद्या भान हरपलेल्या उमद्या जनावरासारखा उभाच राहिला, हे कार्डसचे चित्र पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. त्या दिवशी कार्डस आठ वर्षांचा होता.

याविषयी माझे मत मी स्पष्ट लिहितो. बखर आणि दप्तर यांतला भेद आपण मराठी माणसांनी ऐतिहासिक साधनांच्या निमित्ताने शिकलो आहोत. बखरीतली हकीकत दप्तराच्या पुराव्याशिवाय ग्राह्य धरायची नाही, आणि तरीही त्या काळाचा श्वास ऐकायचा तर बखरीकडेच जायचे. कार्डसने धावा, बळी, निकाल यांत सहसा लबाडी केली नाही. त्याने माणसांच्या तोंडी शब्द घातले. ज्याच्या तोंडी शब्द घातले त्याच्याजवळ उत्तर छापायला वृत्तपत्र नव्हते, ही गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. विद्वान कर्णधाराच्या तोंडी असे वाक्य घालण्याचे धाडस त्याने कितीदा केले असते? वृद्धापकाळी रॉबिन्सन त्याला म्हणाला होता, की साहेब, मला तर तुम्हीच रचलेत. आणि हे कार्डसनेच नोंदवून ठेवले आहे. या वाक्यात कौतुक किती आणि तक्रार किती, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. दोन्ही आहेत. परंतु ज्या लेखकाने हे वाक्य स्वतःच्या विरुद्ध जाणारे असूनही आपल्या पुस्तकात ठेवले, त्याने आपल्या अपराधाची नोंद स्वतःच्याच हाताने दप्तरी केली, एवढे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

उन्हाळा संपला की हाच माणूस संगीतसमीक्षक होई. सॅम्युएल लँगफर्ड हा त्याचा गुरू. १९२७ साली लँगफर्डच्या मृत्यूनंतर पत्राच्या मुख्य संगीतसमीक्षकाची जागा कार्डसकडे आली, आणि हॅले वाद्यवृंदाच्या मैफलींवर तो त्याच तन्मयतेने लिहू लागला. माहलरवर त्याने स्वतंत्र ग्रंथ लिहिला, कॅथलीन फेरियर या अकाली निवर्तलेल्या गायिकेच्या स्मृतिग्रंथाचे संपादन केले. तो अधिकार माझा नाही, म्हणून त्याविषयी इतकेच. मात्र वूली या डावखुऱ्या फलंदाजाच्या खेळात त्याला लय ऐकू येई, ती ज्याने हिवाळाभर वाद्यवृंद ऐकला त्याच्याच कानाला ऐकू येण्याजोगी होती.

पुस्तकांची फेरिस्त मोठी आहे. १९२२ मध्ये 'अ क्रिकेटर्स बुक', १९२४ मध्ये 'डेज इन द सन', १९२९ मध्ये 'द समर गेम', १९३४ मध्ये 'गुड डेज', आणि १९३६-३७ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर 'ऑस्ट्रेलियन समर'. यांतली बहुतेक मूळ वर्तमानपत्री मजकुरातूनच उभी राहिलेली आहेत. सुरुवातीच्या पुस्तकांतली फुलोऱ्याने लवलेली वाक्ये आज जड वाटतात; वय वाढले तशी त्याची भाषा निवळत गेली, आणि 'ऑस्ट्रेलियन समर'मधला कार्डस मला पहिल्या दोन पुस्तकांतल्या कार्डसपेक्षा अधिक प्रिय आहे. त्या दौऱ्यात इंग्लंडने पहिले दोन सामने जिंकले आणि मग ब्रॅडमनने एकहाती पारडे फिरवले. मेलबर्नच्या तिसऱ्या सामन्यात त्याने २७० धावा केल्या, आणि अखेर मालिका ऑस्ट्रेलियाने ३-२ अशी जिंकली. ज्याला यंत्रासारखी अचूकता नकोशी वाटे, त्या लेखकाला ब्रॅडमनच्या अचूकतेपुढे मान लववावी लागली. तो झगडा त्या पानांत मोकळेपणाने उमटला आहे.

दुसऱ्याची लेखणी ओळखण्याचे औदार्यही त्याच्याजवळ होते. १९३२ साली त्रिनिदादहून आलेला सी. एल. आर. जेम्स हा कृष्णवर्णीय तरुण, क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइनच्या घरी, लँकेशायरमधील नेल्सन गावी राहत होता. साठीच्या उंबरठ्यावरच्या सिडनी बार्न्सची गोलंदाजी पाहून त्याने एक लेख लिहिला आणि कार्डसकडे पाठवला. कार्डसने तो छापवला आणि जेम्सला 'गार्डियन'साठी सामन्यांचे वृत्त लिहिण्याच्या कामावर घेतले. ज्याच्या देशावर इंग्लंडचे राज्य होते, अशा माणसाच्या नजरेतून इंग्लंडच्या प्रतिष्ठित पत्राचे वाचक इंग्रजी क्रिकेट वाचू लागले. तीस वर्षांनी याच जेम्सने 'बियाँड अ बाउंडरी' हा ग्रंथ लिहिला, आणि क्रिकेटला संगीताच्या बरोबरीची कला मानायला कार्डस कचरला, अशी तक्रार त्यात नोंदवली. मला ही तक्रार रास्त वाटते.

१९३६ च्या जुलै महिन्यात हिंदुस्थानचा संघ ओल्ड ट्रॅफर्डवर, म्हणजे कार्डसच्या अंगणातच, कसोटी खेळला. पहिल्या डावात हिंदुस्थान २०३ धावांत आटोपला. हॅमंडच्या १६७ धावांच्या बळावर इंग्लंडने ८ बाद ५७१ धावांवर डाव सोडला. आणि मग सामना हरणार हे गृहीत धरून बसलेल्या प्रेक्षकांसमोर मुंबईचे विजय मर्चंट आणि इंदूरचे मुश्ताक अली सलामीला आले. त्या एका दिवसात मैदानावर एकूण ५८८ धावा झाल्या, आणि खेळ थांबला तेव्हा हिंदुस्थानचा एकही गडी बाद झालेला नव्हता. सलामीची भागी २०३ धावांची झाली; मर्चंट यांनी ११४, मुश्ताक यांनी ११२ धावा केल्या; सामना अनिर्णित राहिला. मर्चंट यांची पाठ्यपुस्तकी शिस्त आणि मुश्ताक यांचे पुढे धावत जाऊन चेंडूला भिडणे, असे दोन स्वभाव एका खेळपट्टीवर उभे राहणे ही कार्डसला मेजवानीच होती.

दुसरे महायुद्ध सुरू झाले, क्रिकेट थांबले, आणि १९४० च्या आरंभी तो ऑस्ट्रेलियाला गेला. सिडनीत लहानशा घरात राहून तो 'सिडनी मॉर्निंग हेरल्ड'साठी संगीतावर लिही, नभोवाणीवर बोले, आणि एकांतात आत्मचरित्र लिही. ते १९४७ साली प्रसिद्ध झाले. त्यातील पहिला भाग, म्हणजे रशोमचे घर, वाचनालये आणि श्रूजबरी, हे इंग्रजी गद्यातले उत्तम लेखन आहे असे मी निःशंकपणे म्हणेन. हजारो मैलांवरून, युद्धाच्या काळोखात, मँचेस्टरच्या काजळी धरलेल्या रस्त्यांकडे पाहणाऱ्या माणसाचे ते लेखन आहे. इंग्लंडला परतल्यावर तो बहुधा संगीतावरच लिहीत राहिला. १९६३ साली 'विस्डेन' या वार्षिकाच्या शंभराव्या अंकासाठी त्याने शतकातील सहा श्रेष्ठ खेळाडू निवडले. ग्रेस, हॉब्ज, ट्रंपर, ब्रॅडमन, बार्न्स, आणि सहावा तो टॉम रिचर्डसन. २८ फेब्रुवारी १९७५ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, कार्डस निवर्तला. लंडनमधील कॉव्हेंट गार्डनच्या सेंट पॉल चर्चमध्ये त्याच्या स्मरणार्थ लोक जमले, आणि क्लिफर्ड कर्झनने पियानोवर मोझार्ट वाजवला.

कार्डस वाचीत असताना माझे मन वारंवार पुण्याकडे येते. पुण्याच्या इंग्रजांच्या जिमखान्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पळवणकर बाळू नावाचे एक चर्मकार समाजातील तरुण खेळपट्टीची निगा राखीत आणि साहेबलोकांना सरावाच्या जाळीत तासन्‌तास चेंडू टाकीत. कॅप्टन ग्रेग हे त्यांतले नामांकित फलंदाज. आपल्याला बाद केल्यास दर खेपेस आठ आणे, असा शिरस्ता त्यांनी बाळूंशी ठेवला होता, अशी आख्यायिका आहे. बाळूंच्या हाती बॅट मात्र तेथे कोणी दिली नाही. कार्डसही श्रूजबरीला जाळीतच राबला. परंतु त्याला कोणी मातीच्या वेगळ्या भांड्यातून, मंडपाबाहेर उभे करून चहा पाजला नाही. बाळूंना तो तसा पाजला गेला, आणि ज्यांच्यासाठी ते सामने जिंकत होते त्या आपल्याच लोकांकडून पाजला गेला. पुढे ते मुंबईच्या हिंदू संघाचे प्रमुख गोलंदाज झाले, आणि १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या संघातून खेळताना त्यांनी सबंध दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. धाकटे बंधू शिवराम बरोबर होते. कार्डस त्या वर्षी तेवीस वर्षांचा होता आणि विम्याच्या कचेरीतली कारकुनी अजून त्याच्यामागे होती.

आपल्याकडे खेळाच्या पानाला मराठी दैनिकात हक्काची जागा आणि प्रतिष्ठा मिळायला फार काळ जावा लागला; 'महाराष्ट्र टाइम्स'मधून वि. वि. करमरकरांनी ती मिळवून दिली तेव्हा बाळूंच्या इंग्लंडच्या दौऱ्याला अर्धशतक उलटून गेले होते. बाळूंचे चरित्र रामचंद्र गुहा यांनी जुन्या वृत्तपत्रांच्या ढिगाऱ्यातून शोधून काढले आणि २००२ साली आपल्या ग्रंथात मांडले, त्यामुळे ते आज निदान वाचकांना ठाऊक तरी आहेत. तरीही १९११ च्या दौऱ्याचे धावफलक समोर ठेवून बसलो की इंग्रज फलंदाजांच्या आद्याक्षरांसह छापलेल्या नावांपुढे 'गो. बाळू', 'गो. बाळू' एवढेच एकाखाली एक दिसत राहते. त्या परक्या थंडीत चेंडू धरण्यापूर्वी ते बोटांवर फुंकर घालीत की हात विजारीला पुसत, बळी मिळाल्यावर शिवरामांकडे पाहत की खाली मान घालून आपल्या जागी परत जात, हे त्या संध्याकाळी कोणी मराठीत लिहून ठेवले नाही.